भायखळ्याची १८१५ सालची शाळा आणि माझा लघुप्रबंध

लघुप्रबंध झाला, निकाल लागला, आणि आता शाळेतल्या दोघीतिघी विचारतायत, "दफ्तरखान्यात जायचं म्हणजे नेमकं काय करायचं गं?" फोनवर दरवेळी पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. ज्यांना एखाद्या जुन्या शाळेचा, संस्थेचा, चर्चचा नाहीतर देवळाचा इतिहास शोधायचाय पण पहिला अर्ज कुठे करायचा तेच कळत नाही, त्यांच्यासाठी हे आहे.

मी लालबागची. अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला इतिहास आणि मराठी शिकवते. नोकरी सांभाळून बहिःस्थ एम.ए. करत होते. दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मार्गदर्शक सरांकडे तीन विषय घेऊन गेले, त्यातले दोन किल्ल्यांवरचे होते. सर म्हणाले, "किल्ले खूप झाले बाई. घराजवळचं काहीतरी घ्या. रजा टाकून राजगडला जाण्यापेक्षा संध्याकाळी चालत जाऊन बघता येईल असं."

चालत जाऊन बघता येईल असं म्हटल्यावर भायखळ्याची ख्राइस्ट चर्च शाळा डोळ्यांपुढे आली. क्लेअर रोडवर, म्हणजे आताच्या मिर्झा गालिब मार्गावर, चर्चला लागून असलेली. बसमधून कितीदा पाहिली असेल. ही शाळा अँग्लिकन परंपरेतली, म्हणजे मूळची इंग्लंडच्या चर्चची. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हापासून इथले अँग्लिकन त्यात आले. शाळा सरकारची नाही, सोसायटीची. मुलंमुली एकत्र शिकतात, आणि संध्याकाळी घरी जातात. हे शेवटचं मुद्दाम सांगितलं, कारण शंभर वर्षांपूर्वीपर्यंत इथे वसतिगृह हाच मुख्य कारभार होता. फोर्टातल्या कॅथेड्रल शाळेशी हिची हमखास गल्लत होते. ती १८६० ची, वेगळी. मी सांगतेय ती तिच्याहून पंचेचाळीस वर्षांनी जुनी.

पहिले दोन महिने मी घराबाहेर पडलेच नाही, आणि तुम्हीही पडू नका. एस. एम. एडवर्ड्स यांनी संपादलेलं मुंबई शहराचं गॅझेटिअर तीन खंडांत आहे, १९०९-१० चं. ते इंटरनेटवर फुकट मिळतं. तिसऱ्या खंडात शिक्षणाचं प्रकरण आहे, ते छापून घ्या आणि रंगीत पेन्सिलीने वाचा. शिवाय मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथ संजीवनी' नावाचं संकेतस्थळ आहे, त्यावर जुनी पुस्तकं आणि वृत्तपत्रं चाळता येतात. शोधताना इंग्रजांच्या त्या काळच्या स्पेलिंगांची यादी शेजारी ठेवा. आजच्या स्पेलिंगने ठाणे शोधलंत तर काही हाती लागणार नाही.

या घरबसल्या वाचनातून सांगाडा उभा राहिला. मुंबईच्या किल्ल्यातलं सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं. त्यामागे रिचर्ड कॉब नावाचे पाद्री होते, आणि त्याच सुमारास त्यांनी चर्चजवळ गरीब मुलांसाठी एक धर्मादाय शाळा काढली. ती कशीबशी शंभर वर्षं चालली. मग १८१३ चा सनदी कायदा आला. आपण मुलांना त्यातले शिक्षणासाठीचे एक लाख रुपये तेवढे शिकवतो. पण त्याच कायद्याने कलकत्त्याला बिशप आणि तिन्ही इलाख्यांना एकेक आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा मोठा धर्माधिकारी, नेमायची तरतूद केली. मुंबईला आले ते जॉर्ज बार्न्स, १८१४ मध्ये. त्यांनी पाहिलं की कंपनीच्या गोऱ्या शिपायांची मुलं वाऱ्यावर आहेत. बाप मेला किंवा पलटणीबरोबर दूर गेला की त्यांना विचारणारं कोणी नाही. जानेवारी १८१५ मध्ये बार्न्स यांच्या पुढाकाराने सोसायटी उभी राहिली आणि कॉबची जुनी शाळा तिने आपल्याकडे घेतली. हीच पुढची बॉम्बे एज्युकेशन सोसायटी. सुरत आणि ठाण्यालाही तिच्या शाळा निघाल्या.

इथे एक गोष्ट सापडली आणि मी वाचन बाजूला ठेवून आईला फोन केला. या शाळांत शिकवण्याची रीत डॉ. अँड्र्यू बेल यांची होती. एक मास्तर, शंभर मुलं. वरच्या वर्गातल्या हुशार मुलाने खालच्यांना शिकवायचं. बेल मद्रासला अनाथ शिपाईमुलांच्या आश्रमात होते. तिथे त्यांनी एका देशी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं आणि तेच आपल्या आश्रमात सुरू केलं. इंग्लंडला परत गेल्यावर त्याचं पुस्तक केलं, तिथल्या चर्चच्या शाळांनी ती पद्धत उचलली, आणि 'मद्रास पद्धत' म्हणून ती बोटीने मुंबईला आली. माझ्या आईचे आजोबा पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर शिकले होते, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. म्हणजे पंतोजींच्या ओट्यावरची रीत विलायतेची वारी करून अँग्लिकन शाळेत साहेबांच्या पोरांना शिकवायला हजर. आई म्हणाली, "मग पंतोजींना कोणी पगार दिला का?" नाही दिला.

असो. आता कागदपत्रं.

महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचा दफ्तरखाना, मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत आहे. कंपनी सरकारच्या काळापासूनचे खंड तिथे आहेत. आत बसून वाचायचं तर संशोधक म्हणून नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी शिफारसपत्र. मी गेले तेव्हा अर्ज, फोटो, आधारची स्वयंसाक्षांकित प्रत आणि मार्गदर्शकांचं विभागाच्या लेटरहेडवरचं पत्र एवढं पुरलं. त्या पत्रात तुमचं नाव, विषय, कालखंड आणि कोणत्या विभागाचे कागद पाहायचेत हे सगळं हवं. 'संशोधनासाठी सहकार्य करावे' एवढंच मोघम लिहिलेलं पत्र घेऊन गेलात तर परत यावं लागेल. नियम बदलतात, तेव्हा जायच्या आधी फोन करा.

हे पत्र मिळवणं हाच माझ्यासाठी सगळ्यात दमवणारा भाग ठरला. सरांची सही एका मिनिटात झाली. नंतर ते ज्या कार्यालयातून जावक क्रमांक घेऊन यायला हवं होतं, तिथे गणपतीआधी दिलेलं पत्र नवरात्र आलं तरी हललं नव्हतं. आधी साहेब रजेवर, मग शिक्का ज्यांच्या कपाटात त्या मॅडम प्रशिक्षणाला, मग गोषवारा मंजूर झाल्याची प्रत जोडली नाही म्हणून फाइल खाली. गोषवारा त्यांच्याच टेबलावर होता. शेवटी १६ ऑक्टोबरला पत्र हातात पडलं. यातून घ्यायचं ते एवढंच: अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि सहीसकट. पोच दाखवली की लोक उभ्याने बोलायचे बसून बोलतात. आणि पत्राच्या तीन मूळ प्रती सही-शिक्क्यानिशी एकदमच मागून घ्या. ग्रंथालयं, चर्च, शाळा, सगळीकडे तीच लागते.

नोकरी करणाऱ्यांना दुसरी अडचण वाराची. २०२० च्या फेब्रुवारीअखेरपासून राज्य सरकारी कार्यालयं पाच दिवसांची झाली, त्यामुळे शनिवारी जाऊ म्हणणाऱ्यांना दार बंद. मी दिवाळीची सुट्टी धरली. पाडवा-भाऊबीज झाली आणि १६ नोव्हेंबरला, गुरुवारी, सकाळी करी रोडहून पाच रुपयांचं तिकीट काढून सीएसएमटीला उतरले. फराळाचा डबा पिशवीत होता. घरात पाहुणे होते, नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, दिवाळीत सरकारी ऑफिसात कोण जातं?" मी गेले.

आत पेन चालत नाही, पेन्सिल न्या. दोन न्या, एकीचं टोक हमखास तुटतं. पिशवी बाहेर ठेवायची. वही, पेन्सिल आणि चष्मा घेऊन बसायचं. आधी सूचीमधून विभाग, वर्ष आणि खंड क्रमांक शोधायचे, ते मागणी चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी द्यायची आणि वाट बघायची. इथे एक समजून घ्या, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं: एका शाळेची एक फाइल असं काही तिथे नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिक्षण खातंच नव्हतं. शाळेचं पत्र पैशांबद्दल असेल तर एका विभागात, पाद्र्यांच्या नेमणुकीबद्दल असेल तर चर्चविषयक विभागात, मुलांच्या बापांबद्दल असेल तर लष्करात. त्यामुळे 'शाळा' शोधू नका. शाळेला तेव्हा कोणाकडे काय मागायचं होतं ते शोधा. जागा, पैसा, तांदूळ, मास्तर. मागणीमागे पत्र असतं आणि पत्रामागे टिपण.

पहिला खंड समोर आला तेव्हा मी थोडा वेळ नुसतीच बसून राहिले. कातडी पुठ्ठा, कडा भुगा होत आलेल्या. पान उलटलं की बोटांना तपकिरी पूड लागते. शाईत लोह असतं, ती दोनशे वर्षांत कागद खात गेलीय. जिथे कारकुनाने टाक जोरात दाबला तिथे अक्षराच्या आकाराचं भोक. कसरीची नागमोडी वाट एका पानातून शिरून चाळीस पानांपुढे निघते. अक्षर मात्र काय सुंदर! पण सुंदर म्हणजे वाचता येणारं नव्हे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोन पानं झाली. तिथे नेहमी येणाऱ्या एका वयस्कर काकांनी युक्ती सांगितली: "पत्राच्या शेवटापासून वाचा. शेवटची आज्ञाधारक सेवकाची ओळ सगळ्यांची सारखीच असते. ती वाचून त्या कारकुनाचा एच कसा, एस कसा ते कळतं. मग वर चढा." या युक्तीने माझा आठवडा वाचला. काका, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं.

फार जीर्ण खंड हाताळायला देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नकला हव्या असतील तर परवानगी, दर आणि किती दिवस लागतील हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. मी बहुतेक सगळं हातानेच उतरवून घेतलं. प्रत्येक उताऱ्यावर विभाग, वर्ष, खंड, पान त्याच क्षणी लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की तळटीप गेलीच समजा.

ज्या गोष्टीसाठी या सगळ्याचं चीज झालं ती १८२० ते १८२२ ची. छापील पुस्तकांत ती चार ओळींत असते. बार्न्स यांची सोसायटी मूळ गोऱ्या आणि मिश्र वंशाच्या ख्रिस्ती मुलांसाठी. पण एल्फिन्स्टन गव्हर्नर होऊन आल्यावर १८२० मध्ये तिनेच देशी मुलांसाठी आणि देशी भाषांतल्या पुस्तकांसाठी एक वेगळी समिती नेमली. दोन वर्षांतच लक्षात आलं की एका छपराखाली हे दोन संसार चालणार नाहीत. इकडच्या शाळेत चर्चची प्रश्नोत्तरी पाठ करायची, तिकडे मराठी-गुजराती शिकणाऱ्या हिंदू-पारशी मुलांना धर्माचं नावही काढायचं नाही. १८२२ मध्ये समिती वेगळी झाली, १८२७ मध्ये ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे सेक्रेटरी, सदाशिव काशिनाथ छत्रे नेटिव्ह सेक्रेटरी. हेच आपले बापू छत्रे, मराठी शाळेची पहिली वाचनपुस्तकं ज्यांच्या हातून झाली ते. पुढे त्या जागेवर बाळशास्त्री जांभेकर आले. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन निघाले तेव्हा त्यांच्या नावाने अध्यापक नेमायला वर्गणी गोळा झाली, त्यातून एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. आणि मी हे सगळं वाचत होते ते त्याच कॉलेजच्या १८८८ च्या इमारतीत बसून.

म्हणजे बघा, भायखळ्याची 'इंग्लिश मीडियम'ची चर्चची शाळा आणि माझी पत्र्याच्या छपराची मराठी शाळा या एकाच घरातून वेगळ्या निघालेल्या जावा आहेत. एकीने चर्च घेतलं, दुसरीने मराठी. तेवीस वर्षं मी मुलांना जांभेकरांचं 'दर्पण' शिकवतेय, पण त्यांच्या सोसायटीचा जन्म एका अँग्लिकन आर्चडीकनच्या सोसायटीच्या पोटातून झाला, हे आमच्या एकाही पुस्तकात एका वाक्यानेही नाही. राग आला का? आला थोडा. मराठीच्या प्रमाणीकरणाचा इतिहास आपण लिहितो तेव्हा साहेबांची नावं येतात, पण ते साहेब उरलेला दिवस कुठे घालवत होते हे येत नाही. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशावर कँडी नावाचे जुळे भाऊ राबले. त्यातले थॉमस म्हणजे विरामचिन्हांमुळे आपल्याला ठाऊक असलेले मेजर कँडी. दुसरे जॉर्ज लष्कर सोडून पाद्री झाले आणि त्यांनी मुंबईत इंडो-ब्रिटिश इन्स्टिट्यूशन काढली, ती अशाच मिश्र वंशाच्या मुलांसाठी. सगळी एकमेकांच्या घरात ये-जा असलेली माणसं.

सोसायटीला भायखळ्याची जागा सरकारकडून मिळाली. १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर मुंबईत आले होते, त्यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी ते त्रिचनापल्लीला वारले. मुलगे आणि मुली दोघांचीही सोय एकाच आवारात, पण शाळा वेगवेगळ्या. मुलगे मोठे झाले की त्यांना कामाला लावून द्यायचं. मुलींना शिवणकाम, घरकाम शिकवून लग्न नाहीतर नोकरी. भायखळा तेव्हा गावाबाहेर, बागा आणि बंगल्यांचं. शेजारी ख्राइस्ट चर्च उभं राहिलं ते १८३० च्या दशकात.

मग प्रश्न आला मुलांचा. सरकारी कागदांत मुलं आकडा म्हणून येतात: इतक्यांचा खर्च इतका. ती होती कोण? जानेवारीत, संध्याकाळी पेपर तपासून झाले की, मी बाप्तिस्म्याच्या नोंदींकडे वळले. कंपनीच्या काळात इलाख्यातल्या पाद्र्यांना बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवाव्या लागत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबई इलाख्याची मालिका एन-३. त्यांची सूची 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'च्या संकेतस्थळावर आणि 'फॅमिलीसर्च'वर फुकट शोधता येते. मूळ पानांची चित्रं बघायला काही ठिकाणी पैसे लागतात. माझा एक पैसाही गेला नाही, सूचीवर भागलं.

या नोंदी वाचायला मन घट्ट करावं लागतं. मुलाचं नाव, बापाचं नाव, बापाची पलटण, हुद्दा. आईच्या जागी कधी काहीच नाही, कधी नुसतं 'देशी स्त्री'. तिचं गाव नाही, जात नाही, नाव नाही. या बायकांतल्या कितीतरी आपल्याच मुलखातल्या असणार, मराठी बोलणाऱ्या. मुलगा भायखळ्याला बोर्डिंगात गेला की इंग्रजी, प्रार्थना आणि विलायती नाव. आईची भाषा कुठे राहिली असेल? माझ्या लघुप्रबंधात यावर एक परिच्छेद आहे. कागद तेवढाच होता. सरांनी खोडला नाही.

तुमच्यापैकी कोणी अँग्लो-इंडियन पूर्वज शोधत असेल तर आधी बापाची पलटण शोधा. शाळेपेक्षा पलटणीमागे जास्त कागद असतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काहीच झालं नाही. दहावीची बोर्डाची परीक्षा, मग पेपर तपासणी. मे महिन्यात सुट्टी धरून राहिलेलं उरकू म्हटलं, तर लोकसभेची इलेक्शन ड्यूटी लागली. मुंबईचं मतदान २० मेला होतं. प्रशिक्षण, साहित्यवाटप, आदल्या रात्री मतदान केंद्र, सगळं ओघाने आलंच. शिक्षक असाल तर वेळापत्रक आखताना निवडणूक आहे का ते आधी बघा. माझ्या मार्गदर्शकांच्या कोष्टकात हा रकाना नव्हता.

तरी मेच्या पहिल्या आठवड्यात दोन कामं झाली. एक, रविवारी सकाळी उपासना संपल्यावर चर्च बघायला मिळालं. परवानगी विचारली, शिफारसपत्राची प्रत दिली, फोटो काढू का म्हणून वेगळं विचारलं. भिंतींवर संगमरवरी स्मृतिपट्ट आहेत. देवळात जाताना जसं वागतो तसं वागा, मोबाइल बंद ठेवा, बाकांवर पिशव्या टाकू नका. दोन, शाळेच्या कार्यालयात पत्र देऊन पोच घेतली. माझा कालखंड १९२५ ला संपत होता, त्यामुळे आजच्या मुलांच्या किंवा शिक्षकांच्या कोणत्याही नोंदी मागायचा प्रश्न नव्हता, आणि तसं मी पत्रातच लिहिलं होतं. हे स्पष्ट लिहा. चालू शाळा आहे, कोणीतरी अनोळखी बाई येऊन रजिस्टर मागते म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी सावध असणं हे त्यांचं कामच आहे. आमच्या शाळेत कोणी आलं असतं तर मीही दहा प्रश्न विचारले असते.

१९२५ ला का थांबले? कारण त्या वर्षी वसतिगृह भायखळ्याहून उठून नाशिकजवळ देवळालीला गेलं. शतकभरात भायखळा बदललं होतं: रेल्वे आली, गिरण्या आल्या, चाळी आल्या, धूर आला. बागेतली शाळा गिरणगावात सापडली. देवळालीच्या मोकळ्या हवेत नवी शाळा निघाली, तिला पहिल्या आर्चडीकनचं नाव दिलं, बार्न्स. आपल्याकडे पुष्कळांना बार्न्स शाळा ठाऊक असते, भायखळ्याची मूळ जागा ठाऊक नसते. जी मुलं रोज घरून यायची ती भायखळ्यालाच राहिली. म्हणून ही दिवसशाळा.

ज्या गिरण्यांच्या धुरामुळे ती मुलं देवळालीला गेली, त्यातल्याच एका गिरणीत माझे सासरे साचावर होते. प्रबंधात हे लिहायची सोय नसते, इथे लिहिते.

लिखाणाला जूनचे पहिले दोन आठवडे. टंकन मी युनिकोडमध्येच केलं. जुन्या फाँटमध्ये टाइप करून देणाऱ्याकडे दिलंत तर वाङ्मयचौर्य तपासणीच्या वेळी सगळी फाइल चौकोन होऊन येते. माझ्या मैत्रिणीला तीन दिवस पुन्हा टाइप करावं लागलं. छपाई, तपासणी, कापडी बायंडिंग, चार प्रती, सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत. जाण्या-येण्याचे आणि चहाचे वेगळे. बायंडिंगवाल्याला पाठीवरची अक्षरं आधी कागदावर लिहून द्या आणि वाचून घ्या. 'लघुप्रबंध'ची 'लघूप्रबंध' झालेली सोनेरी अक्षरं मी त्याच्या दुकानात दुसऱ्याच्या प्रतीवर पाहिलीत. १४ जूनला प्रत जमा केली, पोच घेतली.

तोंडी परीक्षा ८ जुलैला ठरली. आठवत असेल, त्या दिवशी पहाटेपर्यंत एवढा पाऊस झाला की लोकल बंद आणि शाळांना सुट्टी. परीक्षा पुढे गेली, १९ जुलैला झाली. मधल्या अकरा दिवसांत मी उजळणी करण्याऐवजी फक्त काळजी केली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वीस मिनिटांत तीनच प्रश्न विचारले. सोसायटीचे स्वतःचे वार्षिक अहवाल आणि सरकारी कागद यांत फरक पडला तेव्हा कोणावर विश्वास ठेवलात, का? मद्रास पद्धत प्रत्यक्ष वर्गात कशी दिसत असेल? आणि तिसरा: "तुम्ही मराठी शाळेतल्या. मिशनऱ्यांचं कौतुक जरा जास्त झालंय असं नाही वाटत?"

मी म्हटलं, "सर, बार्न्स मिशनरी नव्हते, कंपनीच्या पगारावरचे सरकारी धर्माधिकारी होते. आणि आईचं नाव न लिहिणाऱ्या रजिस्टरांबद्दल पान ५७ वर लिहिलंय." त्यांनी पान ५७ काढलं, वाचलं, आणि "बरं" म्हणून प्रत मिटली.

सप्टेंबरमध्ये निकाल लागला. चारपैकी एक प्रत विभागाकडे, एक सरांकडे, एक माझ्याकडे. चौथी मी भायखळ्याच्या शाळेच्या कार्यालयात नेऊन दिली. खिडकीतल्या बाईंनी पहिलं पान उलटलं, "मराठीत आहे?" म्हणून विचारलं, आणि आवक नोंदवहीत चढवून मला पोच दिली.